पापणीवरची ऊब

आमच्या उबवणीच्या भट्टीत गावाची आठ हजार अंडी असत, आणि ती सगळी माझ्या बाबांच्या डाव्या पापणीच्या भरवशावर. त्यांचं नाव शहाता; 'शहाता उबवणारे' म्हणून त्यांना नाईलपल्याडही ओळखत. अंडं पापणीला टेकवायचं, क्षणभर थांबायचं आणि जाळ वाढवायचा की कमी करायचा ते सांगायचं. चाळीस वर्षं त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हेकटपणाही तेवढाच.

पहिले दहा-बारा दिवस गोवऱ्यांचा जाळ द्यावा लागतो. पुढे कवचातली पिल्लं स्वतःच तापतात, एक अंडं शेजारच्याला तापवतं, मग आग काढून टाकायची. त्या दिवसांत एखादी गोवरी जास्त पडली तरी भट्टी हाताबाहेर जाते आणि पिल्लं आतल्या आत शिजतात.

त्या वर्षी तेराव्या सकाळी बाबा भट्टीतून वाकून बाहेर आले. "गार पडलीत. जाळ लाव, बुरई."

जाळ बघणारे बुरईकाका निमूट गोवऱ्या आणायला गेले. मी आत जाऊन अंडं पापणीला लावलं. चटकाच बसला.

"बाबा, अंडी चांगली गरम आहेत."

"काल जन्मलीस नि आज मला शिकवतेस, नबाविया? पापणी कोवळी आहे तुझी."

बाहेर खमसीनचा गरम वारा सुटला होता, आणि बाबांनी लोकरीची शाल गच्च ओढली होती. मी त्यांचं डोकं धरून माझी पापणी त्यांच्या कपाळावर टेकवली. गोवऱ्या घेऊन परतलेले बुरईकाका बघतच राहिले. बापाला असं अंड्यासारखं कुणी तपासतं का!

"तुम्हाला ताप भरलाय. तापलेल्या पापणीला अंडं गारच लागणार."

बाबा चिडले होते, पण त्याहून जास्त घाबरले होते. म्हणाले, "भट्टीच्या घुमटाच्या भोकांतले बोळे काढ, ऊब बाहेर जाऊ दे. आणि ऐक, ताप चढला की मी पुन्हा आग मागेन. शिव्या देईन. तरी जाळ देऊ नकोस."

ताप चढला. दुपारभर ते खाटेवरून ओरडत होते, "पिल्लं गारठली गं, तुला बापाची शपथ, जाळ लाव." बुरईकाकांनी दोनदा गोवरी उचलली, दोनदा मी हिसकावली. मला रडू आवरत नव्हतं, पण भट्टीच्या दारातून मी हलले नाही.

एकविसाव्या दिवशी भट्टीत चिवचिवाट सुरू झाला. आत पहिलं पाऊल नेहमी बाबांचं असे. त्या दिवशी ते दाराशी आले, थांबले आणि मला वाट देत बाजूला सरकले.