तापलेली काच

लेकीच्या कॉलेजात परवा ‘तणावमुक्ती’वर व्याख्यान झालं. हजेरी सक्तीची आणि वर दहा पानी अहवाल, तोही हातानं लिहून. डोळे तारवटलेली ती टीपॉयच्या काचेवर वाकून मैत्रिणीचा अहवाल उतरवत होती. ते बघून मला तापलेल्या काचेचा वास आला.

डोंबिवलीच्या घरी आम्ही शोकेसची काच काढून दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायचो आणि खाली बल्ब पेटवायचो. काचेवर मैत्रिणीची, सुजाताची, इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट, तिच्यावर माझी कोरी, आणि खालून दिसेल ती रेघ गिरवायची. याला शिक्षण म्हणत. शीट अपुरी राहिली तर परीक्षेला बसू देत नसत. एका दुपारी, दोन रात्रींच्या जागरणानंतर, रेघ दिसत होती, पण हात हलेना. मी गाल काचेवर टेकवला आणि रडायला लागले.

“अगं, थोडंच राहिलंय, मार ना रेघा,” सुजाता वैतागली.

आईनं येऊन बल्ब बंद केला. “झोप जा. अर्धीच दे.”

“आई, वर्ष जाईल माझं!”

“एवढ्या पोरांच्या शीटा ते सर उघडून बघणारेत थोडेच!”

सरांनी नावाचा कोपरा तेवढा उलगडला आणि सही ठोकली. तेव्हा मी सुटले म्हणून नाचले होते. आज त्या सहीची किळस येते.

मी लेकीचं पेन काढून घेतलं. “झोप जा. अर्धाच दे.”

“आई, सर वाचतात गं!”

“तणावमुक्तीवरची दहा पानं जो वाचतो, त्यालाच बसवा पुढच्या व्याख्यानाला.”