चौदा इंचांची बैठक

पुण्याच्या एका संकेतस्थळासाठी मी मुलाखती घेते. स्वतंत्रपणे काम करणारे डिझायनर, त्यांनी केलेल्या घरातल्या नव्या वस्तू, आणि त्या त्यांना कशा सुचल्या, असा विषय. प्रश्न ठरलेले आठ. सातवा प्रेरणेचा, आठवा 'सध्या कशावर काम करताय' हा. एम.ए. झाल्यावर मिळालेलं हे पहिलं काम, आणि ते परभणीत घरी बसून फोनवर करता येतं. कागदाचे दिवे करणाऱ्या एकाने प्रेरणा म्हणून शांतता सांगितली. सिमेंटच्या कुंड्या करणारीने समुद्र सांगितला. ती नागपूरला राहते. मी दोन्ही लिहून घेतलं.

जानेवारीत संपादक योगिनीताई म्हणाल्या की सगळे शहरातलेच व्हायला लागलेत, एखादा खेड्यातला बघ. वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता उद्धवचं नाव सांगितलं. आमच्या घराच्या चौकटी त्याने केल्या होत्या आणि बारा पावसाळ्यांत एकही दार अडकलं नव्हतं. वडिलांच्या दृष्टीने डिझायनर असण्यासाठी एवढं पुरेसं होतं.

उद्धव पेडगावचा सुतार. वय पंचेचाळीसच्या आसपास. कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशात टेप. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, बसण्याकडे बघतो. मी गेले तेव्हा त्याने मला एक स्टूल दिलं, मी बसले, आणि तो म्हणाला की तुमचा डावा पाय अधांतरी राहायलाय. मग दुसरं दिलं. तेव्हा कुठे पहिला प्रश्न विचारता आला.

शिक्षण कुठे घेतलं, याचं उत्तर त्याने वडिलांपासून सुरू केलं. वडील बैलगाड्या करायचे. ट्रॅक्टर आले तशा गाड्या गेल्या. उद्धव चौकटी आणि दिवाण करू लागला. मग परभणीच्या दुकानांतून सोफे यायला लागले, तशी दिवाणांची मागणी गेली. तीन वर्षं त्याने त्यातल्याच एका दुकानात सोफे केले. ते सोफे लोकांना फार आवडायचे. एकदा बसलं की कुणी उठायचं नाही, कारण उठता यायचं नाही. तिथे त्याचं मन लागलं नाही, एवढंच तो म्हणाला.

त्याच्या अंगणात लिंबाखाली दोन विचित्र वस्तू पडल्या होत्या. एक म्हणजे पाय लावलेला पाट. दुसरी वस्तू पुढे उतरती फळी असलेलं बाक होतं, अगदी शाळेतल्यासारखं, पण एकट्यापुरतं. मी त्यांच्याबद्दल विचारलं. उद्धव म्हणाला, "ते काकूला पसंत पडले न्हाईत."

काकू म्हणजे तानुबाई, त्याची चुलती. अडुसष्ट वर्षांची, सडपातळ, आवाजाने खणखणीत. उद्धवची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तो तानुबाईंच्या ताटात जेवला. आता त्या समोरच्याच घरात राहतात. आमचं बोलणं त्यांना तिथून ऐकू येत असावं, कारण थोड्या वेळाने त्या स्वतःच आल्या, उभ्याच राहिल्या आणि मला सगळं सांगितलं.

गावात दरवर्षी तुरी निघाल्या की मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस रोज सकाळी पारायण. वाचणारे ओळीने जमिनीवर बसतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात बुटक्या पाटावर पोथी असते. तानुबाई सत्तावीस वर्षं वाचत आल्या होत्या. जागाही तीच, तिसऱ्या ओळीत खांबाजवळ. ही ओळ बायकांची, आणि सगळ्यांत मागची. तिच्यामागे भिंतीला लाल प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. गुडघे गेलेल्यांनी तिथे बसायचं आणि फक्त ऐकायचं. मांडीवर पोथी घेऊन वाचणं सप्ताह समितीला मान्य नाही. गावात त्या बायकांना खुर्चीवाल्या म्हणतात.

गेल्या साली शेवटच्या दिवशी आरतीला सगळे उठले आणि तानुबाईंना उठता आलं नाही. दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"तुरीचं पोतं उचलावं तसं," तानुबाई म्हणाल्या.

यंदा समितीचे अध्यक्ष व्यंकटराव त्यांच्या दारात येऊन सांगून गेले की आता तुम्ही खुर्चीत बसा, वय झालं. व्यंकटराव तानुबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. ते पहिल्या ओळीत वाचतात. तानुबाईंनी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर सरळ उद्धवकडे आल्या.

"मी काय सांगितलं त्याला, लिहून घे," त्या मला म्हणाल्या. "वाचायचं तर ओळीत. खुर्ची दिसली न्हाई पायजे. पोथी पायाला न्हाई, छातीला यावी. अन् उठताना कुणाचा हात लागला न्हाई पायजे."

मी लिहून घेतलं. शहरातल्या डिझायनरांना गिऱ्हाईक काय हवं ते चार-पाच पानांत कळवतं, आणि तरी नेमकं काय हवं ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

पहिला नमुना म्हणजे तो पाय लावलेला पाट. सात इंच. तानुबाई त्यावर झकास बसल्या, पण उठवायला पुन्हा दोघी लागल्या. आता उद्धव त्यावर जेवायला बसतो. दुसऱ्यात त्याने उंची वाढवली आणि पोथीसाठी पुढे फळी जोडून टाकली. तानुबाईंनी त्यात बसून एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"उद्धवा, मला चौथीच्या वर्गात बसवायलास का?"

सप्ताहाला दहा दिवस होते. मी सातवा प्रश्न विचारला. प्रेरणा म्हणजे काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हे करावंसं का वाटलं. तो म्हणाला, काकू बोलली म्हणून. योगिनीताईंना हे उत्तर फार लहान वाटलं. त्यांनी पुन्हा जाऊन विचारायला सांगितलं. येताना वस्तूचा एक स्वच्छ फोटोही आण म्हणाल्या, मागे पांढरी भिंत, आजूबाजूला कुणी नाही.

पाच दिवसांनी मी पुन्हा गेले. मधल्या काळात उद्धव स्क्रू आणायला म्हणून परभणीला आला होता आणि दोन तास एसटी स्टँडवर बसून राहिला होता. एका कंडक्टरने दोनदा विचारलं की कुठं जायचंय. त्याने दोन्ही वेळा कुठं न्हाई म्हणून सांगितलं.

"बसताना सगळे सारखेच बसतेत, ताई," तो म्हणाला. "उठायचं एकेकाचं येगळं हाय."

त्याने पाहिलं ते असं. म्हातारी माणसं उठण्याआधी दोन्ही पाय मागे ओढून बुडाखाली घेतात. ज्या बाकाला खाली आडवी पट्टी असते तिथे पाय अडकतात, आणि मग ती शेजारच्याला हात मागतात. दुसरं म्हणजे तळवे मांड्यांच्या बाजूला टेकवतात. तिथे जागा नसली तर पुढचं काहीतरी धरतात. आणि काकूच्या पुढे तर पोथी असणार. पोथीच्या पाटावर भार देऊन उठणं तानुबाईंना मेल्या तरी चाललं नसतं.

म्हणून तिसरी बैठक अशी झाली. उंची चौदा इंच. पाठ नाही, हात नाहीत. पुढच्या दोन पायांमध्ये काहीच नाही, पाय मागे घ्यायला मोकळं. बसायची फळी बोटभर पुढे उतरती, आणि दोन्हीकडून चार-चार बोटं बाहेर, तळवे टेकायला. पोथीसाठी वेगळा उंच पाट. लाकूड कडुलिंबाचं, दोन वर्षं वाळलेलं. योगिनीताईंनी लाकडाबद्दल मुद्दाम विचारायला सांगितलं होतं. दोन वर्षं का वाळवलं, तर दोन वर्षं ते कुणी नेलं नाही.

तानुबाई बसल्या. पाय मागे घेतले, तळवे टेकवले, उठल्या. पुन्हा बसल्या. उद्धवने रंधा उचलून खाली ठेवला.

तेवढ्यात व्यंकटराव आले. गावात ही गोष्ट पोचायला एवढाच वेळ लागतो. त्यांनी बैठक पाहिली, पोथीचा उंच पाट पाहिला आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की तानुबाईंची पोथी वर आणि शेजारणींच्या पोथ्या दीड फूट खाली, हे दिसायला बरोबर नाही. पोथ्या एका पातळीत पाहिजेत.

"मंग शेजारणींच्याबी वर घ्या," तानुबाई म्हणाल्या.

व्यंकटराव विचारी माणूस आहेत. त्यांनी लगेच दोन विटांवर दोन विटा, त्यावर दोन विटा असं रचून वर पाट ठेवला आणि सुमनबाईंना बोलावून खाली जमिनीवर बसवलं. सुमनबाई तानुबाईंच्या शेजारच्या जागेवर वाचतात. पाट त्यांच्या हनुवटीला आला. सुमनबाईंनी मान वर करून विचारलं की आता यातून वाचायचं का जेवायचं.

म्हणजे सुमनबाईंनाही बैठक लागणार. म्हणजे त्यांच्या पलीकडच्या राधाबाईंनाही. अख्खी तिसरी ओळ वर घ्यावी लागणार, नाहीतर तानुबाई खुर्चीत. ओळीत नऊ बायका होत्या आणि सप्ताहाला पाच दिवस.

व्यंकटरावांनी सांगितलं की आधी आसन तपासावं लागेल. ते बसले. चहा आला तो त्यांनी बसूनच घेतला. तुरीला यंदा अळी किती होती त्याबद्दल बोलले. मग उठले, कुणाच्याही हाताशिवाय, आणि उठल्यावर खाली बघत थोडा वेळ उभे राहिले. पुन्हा बसले. दुसरा चहा झाला.

"व्यंकटराव," तानुबाई म्हणाल्या, "तपासून झालं का, का आरती करूनच उठताव?"

ते उठले आणि म्हणाले की ठीक आहे, तिसरी ओळ मागचीच असल्यामुळे कुणाच्या आड यायची नाही. नऊच्या नऊ पहिल्या दिवशी सकाळी जागेवर असतील तर हरकत नाही. एक जरी कमी पडली तरी ओळ मोडते, मग तानुबाई भिंतीला.

जाताना त्यांनी पायऱ्या उतरायला वेळ घेतला.

पाच दिवस उद्धवने दुसरं काहीच केलं नाही. एका घराची चौकट अर्धी राहिली, त्या घरच्यांनी दाराला तात्पुरतं पोतं लावलं. कडुलिंब सात बैठकांना पुरला. उरलेल्या दोन त्याने दुसऱ्या नमुन्याचं बाक मोडून केल्या. शेजारणींचे पोथीचे पाट विटांवरच चढवायचं ठरलं. मी एकदा फोटोसाठी गेले, तर पहिल्या बैठकीवर तानुबाई बसल्या होत्या. सवय करायलेय म्हणाल्या. मग मी दुसरीचा फोटो काढावा म्हटलं, तर तिच्यावर सुमनबाई होत्या. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. मी त्यांना थोडं बाजूला होता का म्हणून विचारलं. आत्ताच बसलेय, असं उत्तर आलं. पांढऱ्या भिंतीचाही प्रश्न होताच. गावात पांढरी भिंत फक्त आरोग्य केंद्राची आहे.

सातवा प्रश्न मी पुन्हा विचारला. उद्धवने पेन्सिल कानामागून काढली आणि यावेळी खरंच विचार केला.

"गुडघे लिहा," तो म्हणाला.

सप्ताह बसला त्या सकाळी मी साडेसहाला देवळात पोचले. सभामंडपात आठ बैठका ओळीत लागल्या होत्या. तानुबाई खांबाजवळच्या त्यांच्या जागेसमोर हातात पोथी घेऊन उभ्या होत्या. नववी जागा रिकामी होती, सुमनबाईंची. व्यंकटराव पहिल्या ओळीत जमिनीवर बसले होते आणि मागे वळून त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. लाल खुर्च्या भिंतीला होत्याच.

सातला पाच मिनिटं कमी असताना उद्धव नववी बैठक डोक्यावर घेऊन आला. तेल अजून सुकलं नव्हतं. सुमनबाई तशाच बसल्या. लुगड्याला डाग पडतील म्हणून कुणीतरी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मागून कोण बघायलंय.

मग पोथ्या उघडल्या आणि नऊ जणींनी खाली न वाकता पहिली ओवी वाचली. मंडपात कोवळं ऊन येत होतं. तिसऱ्या ओळीचा आवाज पहिल्या दोन ओळींपेक्षा मोठा येत होता. ताठ बसल्यामुळे छाती मोकळी राहते, असं उद्धवने मला नंतर सांगितलं. त्याने ते आधी धरलं नव्हतं.

सातव्या दिवशी मी पुन्हा गेले. योगिनीताईंचे तीन निरोप आले होते, सगळे फोटोसाठी. मी खांबापाशी मोबाईल तयार धरून थांबले. आरतीला सगळे उठले की नऊ रिकाम्या बैठका एकदम मिळतील, असा माझा हिशेब होता.

पारायण संपलं. टाळ वाजले. सगळे उठले, तानुबाई उठल्या नाहीत. त्या पोथी कपड्यात बांधत होत्या. सावकाश, चारी पदर नीट जुळवून. गेल्या वर्षीच्या दोघी पुढे झाल्या. त्यातल्या एक सुमनबाई होत्या.

"थांब की गं," तानुबाई म्हणाल्या. "मारुती कुठं पळून जायलाय?"

त्यांनी गाठ मारली. पोथी पाटावर ठेवली. पाय मागे घेतले, तळवे फळीच्या दोन्ही कडांना टेकवले आणि उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि टाळ्या वाजवायला लागल्या. उद्धव दाराशी उभा होता. तो त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता, गुडघ्यांकडे बघत होता.

मी मोबाईल सरळ केला. पण पहिल्या ओळीतून व्यंकटराव एक हात खांबाला धरत मागे आले होते आणि तानुबाईंच्या बैठकीवर बसले होते.

"व्यंकटराव, आरती चालू हाय," तानुबाई समोर बघतच म्हणाल्या.

ते उठले. आरती संपेपर्यंत उभे राहिले आणि मग पुन्हा बसले. मी फोटो काढला तो हाच. योगिनीताईंनी तो छापला आणि मुलाखतीला मथळा दिला, 'जमिनीशी नातं सांगणारी बैठक'. तानुबाईंना मी वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, जमिनीवरून उठता येत न्हवतं म्हणून तर केली की.

आठवा प्रश्न राहून गेला होता. तो मी त्या सातव्या दिवशीच, देवळात प्रसाद वाटला जात असताना, उद्धवला विचारला. सध्या कशावर काम करताय? तो देवळाच्या गाभाऱ्यापुढे टेप लावून उभा होता. व्यंकटरावांनी पुढच्या साली पहिल्या ओळीलाही बैठका सांगितल्या होत्या, पण पहिली ओळ चौदा इंच वर आली की ती मारुतीच्या बरोबरीला जाते.

"देव किती वर घ्यावा लागंल ते बघायलोय," तो म्हणाला आणि आकडा लिहायला त्याने माझ्याच वहीचं पान मागितलं.