समोरून वाचलेला आकडा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी तुमसरला जाणाऱ्या गाडीत बसले, तेव्हा बाबा खिडकीशी उभे राहून मास्क हनुवटीवर ओढून बोलत होते. मी दोनदा म्हटलं, बाबा, नाकावर घ्या. त्यांनी घेतला आणि पुढचं वाक्य बोलायला पुन्हा खाली ओढला.

"जाय बाई. आमची फिकर नोको करू. आमी बरे आहोत."

माय गाडीपर्यंत आली नाही. तिनं दारातूनच हात केला. दहा महिने मी घरी होते, त्यामुळे या वेळचं जाणं तिला जड गेलं. पहिल्या लॉकडाऊनच्या आधी जी शेवटची गाडी मिळाली, तिनं मी पुण्याहून चिखल्याला आले होते. घरात नेट येत नसे म्हणून विहाराच्या ओट्यावर बसून ऑफिसचं काम केलं. आता ऑफिसनं परत बोलावलं होतं. नोकरी आरोग्य विम्याच्या कंपनीत. दिवसभर दवाखान्यांचे कागद तपासायचे: पेशंट कधी भरती झाला, ताप किती, ऑक्सिजन किती. त्या कागदांमुळेच मी घाबरट झाले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मी ऑक्सिमीटर आणून कपाटात ठेवला आणि मायला शेजारी बसवून, माझ्याच बोटाला लावून दाखवला. नव्वदच्या वरचा आकडा आला तर बरं, खाली आला तर मला लगेच फोन. माय चौथी शिकलेली. तिनं आकडा मोठ्यानं वाचला आणि खुश झाली.

बाबांची मला जास्त काळजी होती. त्यांची सारी नोकरी खाणीत, जमिनीखाली, ड्रिलवर गेली. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण चढावर आले की थांबायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हे तं खाणीचं आहे." त्यांच्या दमण्याला आमच्या घरात इतकी वर्षं हेच उत्तर होतं, की त्या दमण्याकडे कोणी वेगळं पाहिलंच नसतं.

मार्चमध्ये पुण्यात मलाच कोरोना झाला. हडपसरच्या खोलीत मी नऊ दिवस एकटी होते. घरमालकीण दारात डबा ठेवून जिना उतरेपर्यंत मी दार उघडत नव्हते. घरी रोज फोन करायचे, खोकला आला की म्यूट दाबायचे आणि म्हणायचे, नेटवर्क गेलं होतं. त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? माय रडली असती, बाबा गाडी शोधत बसले असते. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांना हे समजेल. तिकडच्यांना त्रास नको म्हणून इकडचं अर्धंच सांगायची सवय आपल्याला पहिल्या वर्षातच लागते.

एप्रिलमध्ये गावात घरोघरी ताप निघाला. जयंतीला विहारात मोजकी माणसं जमली, लांब लांब उभं राहून वंदना झाली आणि सगळे मुकाट्यानं घरी गेले. त्यानंतर आठवड्याच्या आत बाबांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ऑक्सिजन पाहत राहा, खाली आला तर लगेच हलवा, असं सांगून घरी पाठवलं.

मी पुण्यातून हुकूम सोडत होते. बाबा आतल्या खोलीत. माय, तू जवळ बसायचं नाही. ताट ठेवायचं आणि मागे व्हायचं. काही पाहायचं असेल तर समोर, लांब उभी राहून पाहा. मायनं सगळं ऐकलं.

पहिले दोन दिवस बाबाच फोनवर आकडा सांगायचे. शहाण्णव. पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना बोलता बोलता उबळ आली आणि मायनं फोन घेतला.

"अठ्ठ्याण्णव आहे," ती म्हणाली. "वाढला ना वं."

मी खुर्चीवर मागे टेकले. त्या दिवशी ऑफिसात माझ्यासमोर जेवढे कागद आले होते त्यांतल्या बऱ्याच माणसांचा आकडा ऐंशीच्या घरात होता. माझ्या बाबांचा अठ्ठ्याण्णव. मी पोटभर जेवले. चौथ्या दिवशी सकाळीही माय म्हणाली, अठ्ठ्याण्णव. मी विचारलं, जेवण? "दोन घास. बोलून नाई राहिले जास्त. झोपूनच आहेत." मला वाटलं, ताप उतरल्यावर थकवा येतोच.

दुपारी मी खोलीवरच काम करत बसले होते, तेव्हा मायचाच फोन आला.

"मशीन बिघडली वाटते," ती म्हणाली. "काहीच्या काही दाखवून राहिली."

"काय दाखवते?"

"अठ्ठ्याण्णव तं बरोबर आहे. पण त्याच्या वर आणखी एक आकडा येते. पाचशे अकरा."

या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा वर असतो आणि नाडीचा खाली. नाडी पाचशे अकरा असूच शकत नाही. मी समोरच्या कागदावर 511 असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं, जसं त्या काचेवर चौकोनी काड्यांचं दिसतं तसं, आणि नुसतीच पाहत राहिले. मग कागद उलटा फिरवला. एकशे पंधरा.

कागद परत सरळ करून त्याच्या खाली 98 लिहिलं, आणि पुन्हा फिरवण्याआधीच विचारलं.

"माय, तू कुठं उभी आहेस?"

"समोर. तूच तं सांगितलं."

"बाबांच्या बाजूला जा. त्यांच्या डोक्याशी उभी राहा आणि तिथून वाच."

पावलांचा आवाज आला.

"शहाऐंशी," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाई, शहाऐंशी आहे."

काल संध्याकाळपासून तो शहाऐंशीच होता; उलटा वाचला की अठ्ठ्याण्णव. मी जेवले, झोपले, ऑफिसचं काम केलं, आणि ते तिकडे शहाऐंशीवर पडून होते.

अॅम्ब्युलन्सला फोन लावला तर दोन तास तरी लागतील म्हणाले. मी दुलीचंदकाकांना फोन केला. ते शेजारी राहतात, खाणीतल्या मजुरांची ने-आण करणारी जीप चालवतात. बाबांना काय झालंय हे मी लपवलं नाही. ते म्हणाले, "काच खाली ठेवतो. दुपट्टा बांधतो. तुझी माय मागं बसल." दहा मिनिटांत जीप दारात होती. बाबांना मागच्या सीटवर पालथं झोपवायला मी सांगितलं. कागदांवर वाचलेलं एवढं एकच माझ्या कामाला आलं.

गोबरवाहीच्या पुढे जंगलात रेंज गेली. वीस-पंचवीस मिनिटं मी फोन हातात धरून पुण्याच्या त्या खोलीत फेऱ्या मारत होते. दुसऱ्या फोनवर भंडाऱ्याच्या ओळखीच्या मैत्रिणी, शाळेतले सर, नात्यातले, जो आठवेल त्याला विचारत होते, कुठं बेड आहे का. रेंज आली तेव्हा ते तुमसरात एका खाजगी दवाखान्याच्या दारात उभे होते. बेड नव्हता. दुसऱ्याही ठिकाणी नव्हता. मायनं मशीन पुन्हा लावली होती, आणि आता दर वेळी ती आधी सांगायची, "त्यायच्या बाजूनं पाहून राहिली मी," मग आकडा. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी.

"मुलीले सांग, आमाले घरी जाऊ दे म्हणा," मागून बाबांचा आवाज आला. एवढं वाक्य बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

काका त्यांना म्हणाले, "तू चुप बस," आणि गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लावली.

भंडाऱ्यात सूर्य मावळायच्या वेळी जागा मिळाली. माझ्या एका मैत्रिणीनं एका दवाखान्यात सकाळपासून कोणासाठी तरी शब्द टाकून ठेवला होता. त्या माणसाला बेडची गरज राहिली नव्हती. का राहिली नव्हती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजही त्या माणसाचं नाव मला माहीत नाही.

बाबा अकरा दिवस तिथं होते. टेस्टचा कागद आणि पास घेऊन मी तिसऱ्या दिवशी पोचले. आत सोडत नव्हते. तोवर माय पॉझिटिव्ह आली होती, तिला फार त्रास नव्हता. मी चिखल्याला घरी राहून तिचं पाहायचे आणि दुपारी दवाखान्यातून येणाऱ्या फोनची वाट पाहायचे. त्या दिवसांत आम्ही दोघी फिरून त्याच एका गोष्टीवर यायचो. मी तिला सांगत होते, चूक माझी आहे, समोर उभी राहा असं मीच सांगितलं. ती मान हलवायची आणि म्हणायची, "वाचलं तं मीनं."

बाबा घरी आले. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं, ते दोन महिन्यांनी परत गेलं. पण मायनं वाचणं सोडलं. विहाराच्या फळ्यावरची सूचना बायकांना वाचून दाखवणारी ती, आता गोळ्यांचं पाकीटसुद्धा माझ्या नाहीतर बाबांच्या हातात द्यायची. "तुमीच वाचा. माह्या वाचण्याचा भरवसा नाई." दीड वर्ष असं चाललं.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर गेले होते. आम्ही तिघं अंगणात उन्हात बसलो होतो. बाबा सुपात लाखोरीची डाळ निवडत होते. मायनं मला पाकीट दिलं आणि तेच वाक्य म्हणाली. बाबांचा हात सुपात थांबला.

"वाचत जा आता," ते म्हणाले. "तुह्या वाचण्यानं काही झालं नाई. मले दिसत होता."

"काय दिसत होता?" मी विचारलं.

"आकडा. बोट माह्यं, मशीन माह्याकडं तोंड करून. शहाऐंशी. ही अठ्ठ्याण्णव म्हणाली, मी काही बोललो नाई."

"दोन्ही दिवस?"

"हो."

"काहून, बाबा?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आपल्या लाइनीतल्या घरांतून जे दवाखान्यात गेले ते वापस आले नाई. तुह्या मायले शेवटचं तोंडबी पाहू देल्लं नसतं. म्हटलं, घरीच राहू. काय होईन ते होईन."

माय उठली. घरात गेली आणि दार लावून घेतलं. दीड वर्ष तिनं जे ओझं वाहिलं ते तिचं नव्हतंच, आणि ज्याचं होतं तो रोज तिच्या हातची भाकर खात होता. दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि निघून जायची.

त्या दिवशी माय दार लावून आत होती तेव्हाच मी खूप बोलले त्यांना. तुम्ही मेला असता. आम्हाला काय वाटलं असतं. लपवलंत कसं. बाबा सगळं ऐकून घेत होते, आणि 'लपवलंत' म्हणताना मला माझंच आठवलं. मग मी हडपसरचं सांगितलं. ते नऊ दिवस, तो डबा, ते म्यूट केलेले खोकले.

बाबांनी मान वर केली. "तू एकटी होती?"

"हो."

"आन आमी इकडं जेवून राहिलो होतो," ते म्हणाले. आतून दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. मायनं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. बाबांकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून आमच्यात एक ठरलंय, आणि ते मायनं ठरवलं. फोनवर "बरं आहे" म्हणायचं नाही. खरं काय ते सांगायचं.

मी अजून पुण्यात आहे आणि बहुधा इथंच राहीन. बाबा तीन आठवडे येऊन पाहून गेले, त्यांना करमलं नाही. कोणी गाव विचारलं तर मी चिखला सांगते. पण घर म्हटलं की हल्ली मला अंगण आठवत नाही. फोन उचलल्यावर येणारी पहिली दोन वाक्यं आठवतात. परवाच बाबा म्हणाले, "आज विहारापर्यंत जातानी दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा बसाच लागलं." माय मागून म्हणाली, "तीनदा." मग त्यांनी विचारलं, तुझं सांग. मी सांगितलं, दोन दिवस अंग दुखतंय, ऑफिसात बॉसशी वाजलं, सकाळपासून काही खाल्लं नाही.

"मंग फोन ठेव," बाबा म्हणाले, "आन आधी जेव."