मण्याचं लाल पाणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टला गोल्ड क्लोराईड हवं होतं. कॉलेजात ते आलंच नाही. आईने गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी काढून दिला. जळगावच्या सोनाराने तो गाळून शुद्ध करून दिला. मी तो अ‍ॅसिडांच्या मिश्रणात विरघळवला आणि त्या सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण केले. पाणी डाळिंबासारखं लाल झालं. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना जिलेटिनचा लेप दिला.

काचेच्या ट्रेमध्ये पाणी, पाण्यावर अंड्याच्या बलकातल्या स्निग्ध द्रव्याचा पातळ पापुद्रा. पेशीचं आवरण साधारण असंच असतं. त्याखाली सुईने लाल पाणी सोडलं की तराजूला टांगलेल्या, पाण्याला टेकलेल्या कागदी पट्टीवरची पाण्याची ओढ कमी व्हायची आणि तराजूचा काटा हलायचा. म्हणजे सोनं पापुद्र्यात शिरतं, असं मी रिपोर्टात ठासून लिहिलं. बोटाचं तेल लागलं तरी पापुद्रा बिघडायचा, म्हणून महिनाभर मी डोक्याला तेल लावलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला. "नुसतं जिलेटिन सोडून पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. मला प्रोजेक्टला मार्गदर्शन करणारे आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले. मणीही गेला आणि वर्षही, असं मला वाटलं. परीक्षक म्हणाले, आता करा.

मी हात साबणाने तीनदा धुतले. ट्रे धुतला, नवा पापुद्रा पसरला. सुईत सोन्याशिवायचं जिलेटिन भरलं. काटा हलू नये, एवढंच मनात होतं. काटा हलला. आधी हलायचा तेवढाच.

काही विचारलं नव्हतं कोणी. हात थरथरला असं सांगून वेळ मारून नेता आली असती.

मी परीक्षकांना म्हटलं, "सर, सोनं शिरतं असं यावरून म्हणता येत नाही. हे काम लेपाचंही असेल. माझा निष्कर्ष चुकला."

"तसं लिहा. त्याच पानावर."

बांधलेल्या रिपोर्टातली ती ओळ मी पेनाने खोडली, खाली खरं लिहिलं आणि सही केली. पास झाले. त्या सहीचा मला आजही पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे.

उरलेलं लाल पाणी बाटलीत घालून गावी नेलं. आईने बाटली उजेडात धरली.

"बठ्ठा गया का मना मणी?"

मी म्हटलं, सगळा यातच आहे. मग काय सापडलं, असं तिने विचारलं. मला वाटत होतं तसं नव्हतं, हे सापडलं, म्हणून सांगितलं. तिने बाटली फडताळात ठेवली आणि माझ्या कोरड्या केसांवरून हात फिरवला.

"बरं," ती म्हणाली. "आते डोकाले तेल लाव."