सॅकच्या बुडाशी

दुकानात माझ्यासमोर एक मुलगी लांबच्या ट्रेकसाठी मोठी सॅक पाठीवर चढवून बघत होती. रिकामी सॅक कुणालाही हलकीच वाटते, म्हणून दुकानदाराने आत वाळूच्या पिशव्या भरल्या होत्या.

“हलकी आहे की!” मुलगी म्हणाली.

मागे तिची आई उभी होती, सॅकच्या बुडाला हात लावून. शाळेच्या दप्तराला लावत असेल तसाच, नकळत.

“काकू, हात काढा. वजन कळू दे तिला,” दुकानदार हसला.

मला माझी हलकी गेलेली वर्षं आठवली. त्यांच्याही बुडाशी कुणाचा तरी हात असणारच. मी कधी मागे वळून पाहिलं नाही, इतकंच.

आईने हात काढला. मुलगी जराशी मागे झुकली, मग कमरेचा पट्टा आवळून ताठ उभी राहिली.

“हीच घेऊ.”

आईचा तळवा मात्र अजून तसाच उताणा होता.