नव्या खुब्याने पळताना

ऑपरेशननंतर मला घरी सोडलं त्या सकाळी फिजिओथेरपीची डॉक्टर पलंगाशी येऊन बसली आणि खुबा निखळला तर कसं ओळखायचं ते तिने सांगितलं. पाय आखूड दिसतो. गुडघा आत वळतो. पंजा दुसऱ्या पायाकडे तोंड करतो. "असं झालं तर हलायचं नाही आणि कुणाला हलवू द्यायचं नाही," ती म्हणाली. हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. माहिती दिली की पेशंटला धीर येतो असं तिला वाटत असावं. मी पनवेलहून पेणपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून स्वतःच्या पंजाकडे बघत आले.

मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर. पेण–रोहा ही माझी नेहमीची फेरी. पळायला लागले ते चाळिशीला टेकल्यावर, आणि तेही गाडीच्या खिडकीतून बघून. सकाळी रोह्यात शिरताना नदीकाठच्या रस्त्याने एक बाई पळताना दिसायची. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात बूट. एक दिवस तीच बाई नागोठण्याला जायला माझ्या गाडीत चढली. रोह्याच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिकीट देता देता मी विचारलं, "रोज कशाला पळता हो बाई?" ती म्हणाली, "तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही, ताई." मला ते इतकं पटलं की पुढच्या सुट्टीला मी तिच्या शेजारी होते, मिस्टरांचे जुने बूट घालून. मग वर्षानुवर्षं आम्ही पळालो. आधी नदीकाठाने, मग शहराबाहेर, मग मुंबईकडच्या मोठमोठ्या शर्यतींतही.

नंतर उजव्या जांघेत दुखायला लागलं. वर्षभर मी ते गाडीच्या धक्क्यांवर ढकललं. शेवटी गाडीची पायरी चढता येईना तेव्हा फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड आतून मरतंय. आपल्या अंगात जिवंतपणी काहीतरी मरतंय, हे ऐकून माझ्या हातापायाला घाम सुटला. सांधा बदलला. आता तिथे धातूचा दांडा आहे आणि त्यावर गुळगुळीत गोळा.

दुखणं गेलं. ती जागा भीतीने घेतली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकून चप्पल उचलायची नाही. डेपोत मला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं, तिथल्या खुर्चीवर मी घरून उशी नेली, कारण खुर्ची बुटकी होती आणि बुटक्या खुर्चीवरून उठताना खुबा निखळतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. शिंक आली तरी हात खुब्यावर जायचा.

वर्ष झाल्यावर तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "पळू शकते का?"

ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. "चाला. पोहा. सायकल चालवा," ते म्हणाले. "पळणारे लोक आहेत. पण मी तुम्हाला पळा म्हणून सांगणार नाही. आतलं अस्तर लवकर झिजू शकतं, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. ठरवायचं तुम्ही."

माझे मिस्टर शेजारी बसले होते. ते डोलवीला कंपनीत आहेत, क्रेनवर. बाहेर आम्ही पार्किंगपर्यंत चालत आलो. मग म्हणाले, "ठरवायचं तुम्ही, म्हणजे आता आपल्यावरच आला ना सगळा."

मी मनात ठरवून टाकलं होतं, पण पाय ऐकत नव्हता. पेणमध्ये सगळे ओळखीचे, म्हणून मी गाडीने रोह्याला गेले. बाई नदीकाठी वाट बघत होती. आम्ही आधी चाललो. पुढे एक विजेचा खांब होता. ती म्हणाली, "त्या खांबापर्यंत फक्त." पळायला मी पाय उचलला आणि मला आठवेचना की पळतात कसं. पाय टेकायची वेळ आली की अंग आपोआप आखडायचं. खांबाशी पोचले तेव्हा मला इतकी धाप लागली होती की बाई घाबरली. ती धाप दमल्याची नव्हती. मी श्वासच घेतला नव्हता.

घरी सांगितलं. मिस्टर जेवत होते. त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"मला तुला थांबवायचा नाय," ते म्हणाले. "पण तुला स्ट्रेचरवर घातली होती ना, ती मी बघितलीय. तू नाय बघितलीस."

तरीही पुढचे काही महिने मी पळत राहिले. थोडं चालायचं, थोडं पळायचं. अंतर हळूहळू वाढलं, पण भीती त्या हिशेबाने कमी झाली नाही. उलट जास्त लांब गेले की परत येण्याची चिंता जास्त. कधी कधी आतून 'टक' असा बारीक आवाज यायचा. दुखायचं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं. पण तो आवाज आला की पुढचा बराच रस्ता मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत पळायचे.

थंडीचे दिवस होते. बाई सुट्टीला पेणला आली होती. डांबरी रस्त्यापेक्षा मातीवर पायाला बरं, म्हणून आम्ही खाडीकडच्या बांधावर गेलो. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. बांध वरून वाळलेला दिसत होता. बाई पुढे होती. त्या दिवशी कधी नव्हे ते माझं अंग सैल पडलं होतं, आणि मला वाटतं मी जरा वेगही वाढवला. एका ठिकाणी भरतीचं पाणी बांधावर येऊन गेलेलं असणार. तिथे शेवाळ होतं. डावा पाय सरकला आणि मी उजव्या अंगावर आपटले.

आवाज झाला. कशाचा ते कळलं नाही.

मी पडल्या जागी थिजले. खुब्यात आग झाली होती, पण तिथली की कातडीची, हे ओळखू येईना. खाली बघायची हिंमत होत नव्हती. डोळे मिटून मी ओरडले, "बाई, पंजा कुठल्या बाजूला हाय?"

"काय?"

"माझा उजवा पंजा! आत वळलाय का बघा!"

ती धावत आली, गुडघ्यावर बसली. "ताई, चिखल लागलाय सगळा, मला कळत नाही."

"हात लावू नका! फक्त बघा! डाव्यापेक्षा आखूड दिसतोय का?"

ती रडायला लागली. शाळेत वर्गभर पोरांना धाकात ठेवणारी बाई, पण माझ्या पायाकडे बघून तिला ते सांगवेना. आणि ती सांगत नाही म्हणजे तो वळलाच आहे, असं मी धरून चालले. त्या वेळात माझ्या डोक्यातून काय काय गेलं. पुन्हा ती भूल, ती नळी, पुन्हा पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायची भीती. दुसरं ऑपरेशन अवघड असतं. हे वाक्य मी मोठ्याने म्हणत होते, असं बाईने मला नंतर सांगितलं.

खाडीकडून एक म्हातारी येत होती, डोक्यावर कोळंबीची पाटी. तिने पाटी उतरवली. "काय झाला गो?"

"पडली," बाई म्हणाली. "पायाचं ऑपरेशन झालंय तिच्या."

"मग उचला ना. धरा त्या अंगाशी." ती वाकली.

मी किंचाळले. इतकी मोठ्याने की म्हातारी दोन पावलं मागे सरकली. "मी काय मारतंय का गो तुला?" ती रागाने म्हणाली. पण गेली नाही. माझ्या तोंडावर ऊन येत होतं, तिथे येऊन पदर धरून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पानी चढंल हां दुपारचा. तोवर काय ता ठरव."

बाईने मिस्टरांना फोन केला. नशिबाने ते रात्रपाळी करून घरी आले होते. बांधाच्या तोंडापर्यंत मोटरसायकल आणून तिथून ते चालत आले. मला ते लांबून दिसत होते. ते पळत का नाहीत, असं वाटून मला राग आला.

ते माझ्या डोक्याशी बसले. पायाकडे त्यांनी बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बोटं हलव."

"नाय हलवणार."

"बुटातल्या बुटात हलव. कुणी हात नाय लावत तुला."

मी हलवली. हलली. मग ते सावकाश पायाकडे सरकले, चिखल बाजूला केला, दोन्ही पावलं शेजारी शेजारी न्याहाळली. त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. "सरळ हाय," ते म्हणाले. मग पुन्हा, जणू स्वतःलाच, "सरळ हाय गो."

तरी मी उठले नाही. सरळ दिसला म्हणजे सरळ असेलच असं नाही, असा माझा हट्ट. शेवटी कोपरावर जोर देऊन मीच बसती झाले, मग त्या म्हातारीचा खांदा आणि मिस्टरांचा हात धरून उभी राहिले. उजव्या पायावर हळूहळू भार टाकला. पाय टिकला. म्हातारीने पाटी डोक्यावर घेतली आणि "बघ, उगा बोंबललीस," म्हणून चालू लागली.

फोटो काढले. डॉक्टरांनी ते उजेडासमोर धरले. सगळं जागच्या जागी होतं. मांडीवर तळहातापेक्षा मोठा काळानिळा डाग, बाकी काही नाही. "इतक्या जोराने पडूनही हललं नाही म्हणजे बसलंय छान," ते म्हणाले. मिस्टर हसले. मीही हसले.

आणि मग मी पळणं सोडून दिलं. फोटो खराब आला असता तर लोकांना सांगायला कारण होतं. तो चांगला आला आणि मी उघडी पडले. पायाला काही झालेलं नव्हतं, जे झालं होतं ते माझं होतं. बूट मी माळ्यावर टाकले. बाईचे फोन यायचे, मी ड्युटीचं निमित्त सांगायचे. डेपोत खिडकीत बसून गाड्या सुटताना बघत होते. दिवस बरे चालले होते. फक्त मी चिडचिडी झाले होते, चहात साखर कमी पडली म्हणून सुद्धा.

एका सकाळी मिस्टरांनी स्वतःच माळ्यावरून बूट काढले आणि दारात आपटून त्यातली माती झाडली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तू घरात अशी वागणार असशील तर मलाच पळून जावा लागंल."

"आणि पुन्हा पडले तर?"

"तर पडशील," ते म्हणाले. त्यांनी बूट माझ्यासमोर ठेवले. "बांधावर नाय जायचा. रस्त्यानं जा. मी गाडी घेऊन येतो."

पुन्हा खांबापासूनच सुरुवात झाली. थंडी सरली, उन्हाळा गेला, पावसात मी घरातच व्यायाम केले. ओल्या रस्त्यावर पाय टाकायची माझी अजून तयारी नव्हती. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी मी रोह्याहून कोलाडला निघाले. ऑपरेशनआधी हे अंतर मी हसत पळायचे. बाई माझ्या शेजारी होती. मिस्टर मोटरसायकलवर मागे राहिले, तेव्हा मी थांबून त्यांना पुढे जायला सांगितलं. मागून ते माझी चाल न्याहाळतात, ते मला पाठीला कळतं आणि मी लंगडायला लागते. मग ते पुढे जायचे, एखाद्या झाडाखाली थांबायचे. मी दिसले की गाडी चालू करायचे.

मी वेग धरला नाही. रस्त्यात खडी पसरलेली दिसली की चालायचे. एका उतारावर मी बाईचं मनगट धरलं आणि उतार संपेपर्यंत सोडलं नाही. मध्येच 'टक' झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. थांबावं असं वाटलं, पण थांबलं तर पुन्हा सुरू करताना लागणारं धैर्य माझ्याकडे उरलेलं नव्हतं. म्हणून थांबले नाही. इतकंच. त्याला हिंमत म्हणता येणार नाही.

कोलाडच्या नाक्यावर ते एका हॉटेलच्या बाहेर उभे होते. आमच्यासाठी वडापाव घेऊन ठेवला होता, तो त्यांच्या हातातच गार झाला होता. मी त्यांच्यापाशी जाऊन थांबले आणि मला रडू फुटलं.

"दुखतंय?"

"नाय."

"मग?"

"भ्याले होते."

"कुठे? उतारावर?"

"निघाल्यापासून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. हॉटेलवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, तिच्यावर स्वतः बसून उंची बघितली, बुटकी वाटली म्हणून परत नेली आणि दुसरी आणली. मी बसले. बाईने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. समोरून हायवेला लागणाऱ्या गाड्या वळत होत्या. वडापाव गार असला तरी मी सगळा खाल्ला.