काळंपांढरं फूल

फुलाला रंग असतो ही गोष्ट उभ्या मराठवाड्यात एकाच माणसाला मान्य नव्हती, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा लातूरला एकटेच राहतात आणि फुलांचे फोटो काढतात, तेही फक्त काळेपांढरे. आमच्या लग्नात सगळे फोटोवाले स्टेजवर, आणि मामा मांडवाच्या खांबावरच्या झेंडूसमोर मांडी घालून! नवरानवरीकडं पाठ. "रंग काय, कुणालाबी दिसतो, जावई," ते म्हणायचे. "उजेड कुठून आलाय ते बघा." मी बघायचो. मला आपला झेंडूच दिसायचा.

अशा माणसाचा एक डोळा काचबिंदूनं गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू वाढला, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही म्हणून सांगितलं. बायकोची झोपच उडाली. "गेला तर गेला, वासावरून फोटो काढू," मामा फोनवर म्हणाले, पण आवाज हलला होता.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही नांदेडहून निघणार, तोच घरच्या ग्रुपवर मामांच्या फोनवरून काळीपांढरी शेवंती आली. खाली एक अक्षर नाही. आता असं फूल बघून आपल्याकडं माणूस काय समजणार? औशाच्या काकांनी लगेच लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. देगलूरच्या मावशींनी विचारलं, 'कधी गेले?' मग जोडलेल्या हातांची रांगच लागली. मामांचा फोन बंद, दवाखान्यात कुणी उचलेना. अहमदपूरपर्यंत बायको रडत होती. पुढं ती मामांचा बंद फोनच लावत राहिली.

धावत वॉर्डात गेलो तर मामा डोळ्यावर पट्टी बांधून चहा पीत बसले होते! "कोण गेलं हो? एवढी माणसं कामून आली?" ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांनी खिडकीतल्या शेवंतीचा फोटो टाकला होता, एवढंच. औशाचे काका झेंडूचा भला मोठा हार घेऊन आले होते. पट्टी बांधलेल्या माणसापासून त्यांनी तो पाठीमागं लपवला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्याच हारातला एक झेंडू मी मामांसमोर धरला. बायकोनं माझा दंड घट्ट आवळला.

"पिवळा," मामा म्हणाले. "किती पिवळा हाय हो, जावई!" आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आम्हीही रडलो. मग डोळे पुसून त्यांनी मोबाईल मागितला आणि झेंडूचा फोटो काढला. काळापांढराच.

अजून त्यांचं फूल आलं की मी आधी फोन लावतो. "हाय हाय, जित्ता हाय," असं पलीकडून ऐकू आलं, की मगच फोटो उघडतो.